चुकासुद्धा हुबेहूब हव्यात!

मुलांनो, वर्गावर बदली बाई आल्या की तुम्हाला किती वेळात कळतं? पुस्तक तेच, फळा तोच, धडाही कालचाच पुढे. पण पाच मिनिटांत सगळा वर्ग ओळखतो. रोजच्या बाई प्रश्न विचारून खिडकीकडे बघतात, तेवढ्यात मागचा मुलगा पुढच्याला उत्तर सांगतो. बदली बाई खिडकीकडे बघतच नाहीत! मग सगळी पंचाईत. आता समजा, बदली बाईंना अगदी रोजच्या बाईंसारखंच शिकवायचं असेल, तर नुसता धडा पाठ असून भागेल का? त्यांना ती खिडकीकडे बघायची सवयसुद्धा उचलावी लागेल.

आजची गोष्ट अशाच एका बदलीची आहे. पण बाईंची नाही, एका चिपची. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर बसलेली, गाणारी चिप! ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला. तरी तिच्या सुरांवर जीव टाकणारी माणसं जगभर आहेत, आणि त्यांनी तिच्या जागी बसतील अशा नव्या चिप तयार केल्या आहेत. गंमत म्हणजे, या कामात त्यांना सर्वांत जास्त घाम फुटला तो जुन्या चिपचे गुण उतरवताना नव्हे, तर तिचे दोष उतरवताना.

सिडचा जन्म

१९८२ साली अमेरिकेत कमोडोर नावाच्या कंपनीने घरात वापरायचा एक कॉम्प्युटर बाजारात आणला. नाव कमोडोर ६४. किंमत ५९५ डॉलर. यातले ६४ म्हणजे त्याची स्मरणशक्ती, ६४ किलोबाइट. आज आईच्या मोबाइलमधला एखादा साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही! पण अमेरिकेत आणि युरोपात या कॉम्प्युटरने घराघरांत ठाण मांडलं. एकूण किती विकले गेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून एक कोटी सत्तर लाखांपर्यंत जातात.

तो एवढा आवडण्याचं एक मोठं कारण होतं त्याचा आवाज. त्या काळचे बरेचसे घरगुती कॉम्प्युटर 'पीं पीं' करण्यापलीकडे जात नसत. कमोडोर ६४ मात्र चक्क गायचा! कारण त्याच्या पोटात होती ६५८१ क्रमांकाची चिप. तिचं नाव साउंड इंटरफेस डिव्हाइस. त्याची आद्याक्षरं घेऊन सगळे तिला 'सिड' म्हणू लागले. आपणही सिडच म्हणू या.

सिड ज्याने आखली, त्या बॉब यानेस या इंजिनिअरला सिंथेसायझरचं भारी वेड. सिंथेसायझर म्हणजे विजेच्या लहरींतून सूर घडवणारं वाद्य. गणपतीत ऑर्केस्ट्रात उभ्या उभ्या वाजवतात ना, त्या कीबोर्डाचंच भावंड. खेळण्यातल्या भोंग्यासारखी नव्हे, तर खऱ्या वाद्यासारखी चिप करायची, असं यानेसने ठरवलं. पण हाताशी वेळ फार थोडा. म्हणून त्याने एक आवाज नीट आखला आणि चिपवर त्याच्याच तीन प्रती मांडल्या. सिडला तीन गळे आहेत ते असे! पुढे यानेसने कमोडोर सोडलं आणि काही सोबत्यांना घेऊन एन्सोनिक नावाची वाद्यं बनवणारी कंपनी काढली.

अठ्ठावीस पाय आणि एकोणतीस कप्पे

सिड हातात घेतली तर ती एखाद्या काळ्या गोमेसारखी दिसते. दोन्ही बाजूंना चौदा-चौदा पाय, म्हणजे एकूण अठ्ठावीस. प्रत्येक पायाला काम वाटून दिलेलं आहे. आकडा आत घेण्यासाठी आठ पाय. तो आकडा कुठल्या कप्प्यात टाकायचा हे सांगायला पाच. 'आता तुझ्याशी बोलतोय', 'लिहितोय की वाचतोय', 'टिकटिक' आणि 'पुन्हा पहिल्यापासून' हे चार इशारे, त्यांचे चार पाय. बाहेर दोन कंडेन्सर जोडावे लागतात, त्यांचे चार. खेळायची पॅडल किंवा माऊस यांच्यासाठी दोन. आवाज आत घ्यायला एक, बाहेर सोडायला एक. आणि वीज व अर्थिंगचे तीन. बेरीज करून बघा. जमली?

आता ते कप्पे. पोस्टात पत्रं वेगळी करायला लाकडी खण असतात, ते पाहिलेत? सिडच्या आत तसेच २९ खण आहेत. एकेका खणात ० ते २५५ मधला एक आकडा राहतो. कॉम्प्युटरने आकडा टाकायचा आणि सिडने त्याचा सूर करायचा, असा कारभार. उदाहरणार्थ, पेटीवरची पांढरी सहा घ्या. तिचा एक प्रमाण सूर सेकंदाला ४४० कंपनांचा असतो. युरोपातल्या कमोडोरवर तो काढायचा तर सिडला ७४९३ हा आकडा द्यावा लागतो. पण एका खणात तर २५५ च्या वर मावत नाही! मग दोन खण वापरायचे. एकात २९, दुसऱ्यात ६९. आता २९ ला २५६ ने गुणा आणि त्यात ६९ मिळवा. बघा, येतात की नाही ७४९३!

आणखी एक हिशेब. कप्पा दाखवणाऱ्या पाच तारा आहेत आणि प्रत्येक तार 'हो' किंवा 'नाही' एवढंच सांगते. पाच तारांनी किती वेगवेगळे कप्पे दाखवता येतील? दोन गुणिले दोन असं पाच वेळा, म्हणजे ३२. पण सिडमध्ये आहेत २९. तीन पत्त्यांवर घरच नाही! ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिचं काम पडणार आहे.

सूर उंच की नीच, एवढ्यावर गाणं होत नाही. देवळातली घंटा आणि बासरी एकाच सुरात असली तरी आपल्याला वेगळी ऐकू येते. घंटा टोल पडताक्षणी मोठ्याने वाजते आणि हळूहळू विरत जाते. बासरी फुंकर असेपर्यंत टिकते. आवाज किती झटकन उठावा, किती उतरावा, कुठे टिकावा, कसा विरावा, हे सिडला चार आकड्यांनी सांगता येतं. शिवाय लहरीचा आकारही निवडता येतो. त्रिकोणी लहर मऊ, करवतीच्या दातांसारखी लहर धारदार, चौकोनी लहर पोकळ नाकातली, आणि चौथा नुसता खळखळाट, पावसासारखा. त्या खळखळाटाचा इवलासा तुकडा घेतला की ढोलावर थाप पडल्यासारखं वाटतं.

या सगळ्यावर कळस म्हणजे सिडचा फिल्टर. लग्नाच्या मांडवातला बँड आधी अंगणात उभं राहून ऐका आणि मग घरात जाऊन दारं-खिडक्या लावून ऐका. आत काय ऐकू येतं? ढोलाचा धमधमाट. सनईचा वरचा सूर बाहेरच राहतो. सिडचा फिल्टर म्हणजे अशी दारं-खिडक्या. कधी वरचे सूर अडवायचे, कधी खालचे, कधी दोन्हीकडचे आणि फक्त मधले सोडायचे. दार किती उघडायचं याच्या २०४८ पायऱ्या. गाणं चालू असताना हे दार हळूहळू उघडत नेलं की सूर 'वा...व' करत फुलतो.

इथूनच भानगड सुरू होते

हा फिल्टर सिडचा सर्वांत गोड भाग आणि तोच सर्वांत बिघडलेला! सिडचं बाकी बरंचसं काम आकड्यांचं, पण फिल्टर मात्र विजेच्या कमीजास्त दाबावर चालतो. त्यातले ट्रान्झिस्टर नेमके कसे वागतील हे कारखान्यात त्या दिवशी चिप कशी भाजली गेली यावर ठरायचं. एकाच घाण्यातल्या चकल्यासुद्धा सारख्या होत नाहीत, तसंच. परिणाम असा की एका सिडमध्ये फिल्टरचं दार पाचशेव्या पायरीवर अर्धं उघडायचं, तर दुसरीत त्याच पायरीवर जवळजवळ बंद असायचं. ज्याने आपल्या घरच्या कमोडोरवर गाणं रचलं, त्याचं तेच गाणं शेजारच्या घरी वेगळं वाजायचं! खुद्द यानेसही या फिल्टरवर खूश नव्हता.

दुसरा दोष आवाज कमीजास्त करण्याच्या कप्प्यातला. या कप्प्यात ० ते १५ असे सोळा आकडे चालतात. पण ६५८१ मध्ये आकडा बदलला की स्पीकरमधून बारीकसा 'टक्' ऐकू यायचा. तीनही गळे गप्प असले तरी! कारण चिपच्या आत थोडासा विजेचा दाब उगाचच साचून राहिलेला असायचा. हा तर उघड उघड दोष. पण पोरं हुशार! कोणाच्या तरी लक्षात आलं की हा आकडा सेकंदात हजारो वेळा बदलला, तर त्या हजारो 'टक्'चा मिळून आवाज तयार होतो. आणि तोही पाहिजे तसा. ढोल, टाळी, चक्क माणसाचं बोलणं! तीन गळ्यांच्या चिपला असा चौथा गळा फुटला. १९८७ साली मार्टिन गॅलवे या संगीतकाराने आर्कनॉइड या खेळाच्या गाण्यात असे ठेके वापरले.

तिसरा दोष जरा नीट समजून घ्यावा लागेल. शहरात गोल फेरी मारणारी बस असते. तुम्हाला पाचव्या थांब्यावर उतरायचं आहे, पण आठवतं तेव्हा बस सातव्या थांब्यावर पोचलेली. आता? पूर्ण फेरी होऊन पाचवा थांबा परत येईपर्यंत बसून राहा! सिडच्या आत सूर उठवण्या-विरवण्याचा वेग सांभाळणारा एक मोजणारा आहे. ठरलेल्या आकड्यापर्यंत मोजायचं आणि पाऊल टाकायचं, हे त्याचं काम. मध्येच त्याला आधी होऊन गेलेला लहान आकडा दिला, तर तो थांबा मागे पडलेला असतो. मग तो ३२,७६८ पर्यंत मोजत पूर्ण फेरी मारतो. सिडची टिकटिक सेकंदाला सुमारे दहा लाख, तेव्हा या फेरीला सेकंदाचे जवळजवळ तेहतीस हजारांश लागतात. एवढंसं काय, असं वाटेल. पण तेवढा वेळ सूर उमटतच नाही आणि ठेका अडखळतो. संगीतकारांनी यावरही तोड काढली. नवा सूर लावायच्या किंचित आधी कप्प्यांतले आकडे शून्यावर आणायचे, म्हणजे मोजणारा वठणीवर येतो. त्यातून प्रत्येक सुराच्या सुरुवातीला एक कुरकुरीत चटका आला, आणि तो चटका हीच त्या गाण्यांची खूण झाली!

रॉब हबर्डसारख्या संगीतकारांची १९८५ च्या सुमाराची गाणी ऐकलीत की हे कळेल. इंटरनेटवर अशा गाण्यांचा एक मोठा संग्रह आहे, त्यात पन्नास हजारांहून जास्त रचना आहेत. सगळ्या सिडसाठी लिहिलेल्या.

आणि मग कंपनीने काय केलं? सुधारणा! १९८६-८७ च्या सुमारास सिडची ८५८० ही नवी आवृत्ती निघाली. ६५८१ ला १२ व्होल्ट लागायचे आणि ती चांगलीच तापायची. ८५८० नऊ व्होल्टवर चालायची. फिल्टर शिस्तीत आला. तो 'टक्'सुद्धा जवळजवळ नाहीसा झाला. कारखान्याने चूक दुरुस्त केली आणि गाणी बिघडली! ज्या गाण्यांत ढोल आणि बोलणं त्या 'टक्'वर उभं होतं, ती नव्या चिपवर मुकी वाटू लागली. काही लोकांनी तर नव्या चिपला एक रेझिस्टर जोडून तो जुना दोष मुद्दाम परत आणला. याला काय म्हणावं!

आठ कॉम्प्युटर मुके

१९९४ च्या एप्रिलमध्ये कमोडोर कंपनीचं दिवाळं निघालं. सिड बनणं संपलं. जगात होत्या तेवढ्याच चिप उरल्या. त्याही तापून, स्थिर विजेच्या झटक्याने, किंवा जुन्या पॉवर सप्लायने भलताच दाब सोडल्यामुळे एकेक करून मरू लागल्या.

नेमकं याच सुमारास काही लोकांना वाटायला लागलं, की ही चिप कॉम्प्युटरमधून काढून तिचं स्वतंत्र वाद्य का करू नये? स्वीडनमधल्या इलेक्ट्रॉन कंपनीने १९९९ च्या सुमारास सिडस्टेशन नावाचा सिंथेसायझर काढला, त्यात खरी सिड होती. चिपचा साठा संपला, तसं ते वाद्यही बंद झालं. घरच्या घरी वाद्य जोडणाऱ्या छंदी मंडळींनी मिडीबॉक्स सिड नावाचा आराखडा उचलला. त्यात एक नाही, दोन नाही, आठ सिडपर्यंत लावता येतात. ऐकायला अप्रतिम, प्रश्नच नाही. पण या आठ चिप आणायच्या कुठून? जुन्या कमोडोरमधून उपटायच्या! म्हणजे एक वाद्य बोलू लागलं की आठ कॉम्प्युटर मुके.

मला विचाराल तर, बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधली चिप काढून वापरली तर ती हुशारी. पण चालू कॉम्प्युटर फोडायचा, हे मला पटत नाही. आजोबांचं चालू असलेलं भिंतीवरचं घड्याळ फोडून त्यातल्या चाकांची मोटार केली, तर घरात काय होईल?

मागणी वाढली तसे लबाडही आले. दुसऱ्याच कुठल्या तरी निकामी चिपवरचं नाव खरवडून त्यावर ६५८१ छापायचं आणि विकायचं! अठ्ठावीस पाय दिसले की घेणारा फसला.

बदली चिप येतात

मग इंजिनिअर मंडळी कामाला लागली. अट अवघड होती. सिडच्याच सॉकेटमध्ये बसेल, तेच अठ्ठावीस पाय असतील, आणि कॉम्प्युटरला किंवा वाद्याला पत्तासुद्धा लागणार नाही अशी नवी वस्तू करायची.

सुरुवातीच्या प्रयत्नांतलं गाजलेलं नाव स्विनसिड. स्वस्त, छोटा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा चिमुकला कॉम्प्युटर, सिडचं सोंग घेऊन बसला. सूर बरोबर लागायचे, पण फिल्टर आणि बारकावे ऐकणाऱ्याला फरक कळायचा. वर्गाला बदली बाई कळतात तसंच! पुढे चेक देशातून आर्मसिड आली. तिच्यातला मायक्रोकंट्रोलर जास्त ताकदीचा. तिला '६५८१ सारखी गा' किंवा '८५८० सारखी गा' असं सांगता येतं, फिल्टरही कमीजास्त करता येतो. जर्मनीतून एफपीजीएसिड आली. ती एकटी दोन सिडचं काम करते, एक डाव्या कानाला आणि एक उजव्या.

एफपीजीए हा प्रकार मजेचा आहे. मायक्रोकंट्रोलर म्हणजे पाढे तोंडपाठ असलेला एकच हुशार मुलगा. पहिल्या गळ्याचं गणित कर, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं, मग फिल्टरचं, असं भराभर एकामागून एक करत सुटतो. एफपीजीए म्हणजे अख्खा वर्ग. प्रत्येकाला एकेक गणित वाटून दिलेलं आणि सगळे एकदम लिहीत असतात. आतली जोडणी आपल्याला हवी तशी मांडता येते, म्हणून जुन्या चिपच्या आतला आराखडाच तिथे पुन्हा उभा करता येतो.

२०२१ च्या जानेवारीत रास्पबेरी पाय पिको नावाची छोटी पट्टी बाजारात आली, किंमत फक्त ४ डॉलर! तिच्यावर बेतलेली सिडकिक पिको ही बदली चिप छंदी लोकांत आवडती आहे. पिको बाजारात आली तेव्हा तिच्या मेंदूची टिकटिक सेकंदाला १३ कोटी ३० लाखांपर्यंत जाऊ शकते, असं सांगितलं होतं. आता तुम्ही म्हणाल, दहा लाखांपुढे तेरा कोटी, म्हणजे वेळच वेळ! थांबा. कमोडोरमध्ये एका टिकटिकीचा अर्धा भाग चित्र दाखवणाऱ्या चिपसाठी राखलेला असतो. उरलेल्या अर्ध्यात बदली चिपने इशारा ओळखायचा, कप्पा कुठला ते बघायचं आणि उत्तर तारांवर ठेवायचं. सेकंदाचे दहा लाख भाग करून त्यातल्या एकाचा अर्धा! तेवढ्यात त्या वेगाने पिकोला मिळतात जेमतेम ६६ टिकटिकी. आणि हे करताना तिकडे सूर थांबता कामा नये. तव्यावरच्या पोळीकडे एक डोळा ठेवून दार उघडणाऱ्या आईलाच ही कसरत कळेल.

'उत्तर' कसलं, असा प्रश्न पडला असेल. सिडला फक्त हुकूम द्यायचे असतात ना? तिथेच मेख आहे. २९ कप्प्यांपैकी २५ लिहायचे, पण शेवटचे चार वाचायचे आहेत. त्यातल्या एकात तिसऱ्या गळ्याची लहर या क्षणी कुठे आहे तो आकडा मिळतो. तिसऱ्या गळ्यावर खळखळाट लावून तो कप्पा वाचला की दर वेळी वेगळाच आकडा! कितीतरी खेळ याचा उपयोग फासे टाकल्यासारखा करतात. शत्रू डावीकडून येणार की उजवीकडून, हे आवाजाची चिप ठरवते! बदली चिप गोड गायली पण हा आकडा देऊ शकली नाही, तर खेळच बिघडेल. वाद्यात मात्र हे वाचायचे कप्पे लागतीलच असं नाही. म्हणून घरी केलेल्या सिंथेसायझरला साधी बदली चिपही चालून जाते.

आणि दोष? ते तर उतरवावेच लागले! बसच्या फेरीचा घोळ, तो 'टक्', फिल्टरचा लहरीपणा, सगळं. कारण हजारो गाणी त्या दोषांना धरूनच लिहिलेली. मोजणारा शहाण्यासारखा वागला, तर जुन्या गाण्यातला तो कुरकुरीत चटका बदलतो. यासाठी अभ्यासकांनी खऱ्या सिडचं काळं कवच रसायनाने काढलं, आतल्या रेषांचे सूक्ष्मदर्शकातून फोटो घेतले आणि एकेक ट्रान्झिस्टर ओळखला. नॉर्वेतल्या डाग लेम यांनी सिडची हुबेहूब नक्कल करणारा रीसिड नावाचा प्रोग्राम लिहिला आणि तो सर्वांना खुला ठेवला. सिडकिकच्या पोटात हीच विद्या आहे.

पण फिल्टरपाशी एक अडचण आजही आहे, आणि ती यंत्राची नाही. नक्कल करायची ती कुठल्या सिडची? खऱ्या सिडच एकमेकींसारख्या नव्हत्या! कुणाला बालपणीच्या आपल्या कमोडोरचा जाडाभरडा आवाज 'खरा' वाटतो, कुणाला मित्राकडचा स्वच्छ. म्हणून चांगल्या बदली चिपमध्ये फिल्टर आपल्या कानाला जुळवून घ्यायची सोय ठेवलेली असते. मला हे फार आवडलं. पेटीवाले पेटी लावून घेतात तसं!

आपल्याकडे काय होतं?

आई-बाबांना हे वाचून आपले शाळेचे दिवस आठवतील कदाचित. १९८४ पासून भारतात 'क्लास' नावाची योजना आली. त्यात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे कॉम्प्युटर मिळाले. त्यांतली आवाजाची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची. तीन सूर आणि एक खळखळाट एवढंच तिचं भांडवल, फिल्टर नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी पुण्यात डेसिबेल्स कंपनी स्पेक्ट्रम प्लस हा इंग्लंडमधला कॉम्प्युटर परवाना घेऊन बनवत होती. त्यात तर आवाजाची चिपच नव्हती, नुसता एक 'पीं' करणारा बारीक स्पीकर. याच घराण्यातल्या पुढच्या स्पेक्ट्रम १२८ मध्ये जनरल इन्स्ट्रुमेंटची आवाजाची चिप होती. तिच्याही बदली चिप छंदी लोकांनी केल्या आहेत.

घरी सिडचं वाद्य जोडायचं झालं तर काय लागतं? आकडे पाठवणारा एक छोटा मायक्रोकंट्रोलर, दहा लाख टिकटिकी देणारं स्फटिकाचं घड्याळ, सॉकेट, आवाज बाहेर न्यायची जोडणी, आणि कीबोर्ड जोडायला पाच टाचण्यांचं मिडी सॉकेट. मिडी ही वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा, १९८३ पासूनची. खरी सिड लावायची तर ती कुठली ते आधी बघावं लागतं. नऊ व्होल्टच्या ८५८० ला चुकून बारा व्होल्ट दिले तर ती जाण्याचीच शक्यता जास्त. बदली चिपला या दोन्हीची गरज नाही. तिचं पाच व्होल्टवर भागतं आणि ते बाहेरचे दोन कंडेन्सरही नकोत. शिकणाऱ्या हाताला म्हणूनच तीच बरी. पालकांनो, सोल्डरिंगच्या वेळी मात्र शेजारी बसा. खिडकी उघडी ठेवा, आणि काम झालं की मुलांना हात साबणाने धुवायला लावा. सोल्डरमध्ये बहुधा शिसं असतं.

आणि ते तीन रिकामे पत्ते? खऱ्या सिडमध्ये तिथे कोणी राहत नाही, म्हणून जुन्या गाण्यांना त्यांचं काही काम नव्हतं. काही बदली चिपच्या कारागिरांनी ही मोकळी जागा हेरली. तिथे ठरलेली अक्षरं ओळीने टाकली, की बदली चिप सोंग सोडून आपली खरी ओळख सांगते. मग तिला फिल्टरचे नवे आकडे द्यायचे, ६५८१ की ८५८० ते सांगायचं, आणि ती पुन्हा सिड होऊन गायला लागते. खऱ्या सिडला हीच अक्षरं दिली तर? ती आपली गाणं चालू ठेवते.